सीमाभागातलं कन्नड नकारापासून शिकवा

'घरातल्यांनासुद्धा' हा मराठी शब्द आणि 'मनेयल्लिरुववरिगू' हा कन्नड शब्द शेजारी ठेवून पाहा. अर्थ एकच. मराठी शब्द सोडवला की घर, आ, त, ल, यां, ना, सुद्धा असे सात तुकडे पडतात. कन्नड शब्दाचेही सातच: मने, य, अल्लि, इरुव, अवर, इगे, ऊ. मूळ शब्द आधी, बाकी सगळं त्याच्या मागे रांगेत. इंग्रजीत हेच सांगायचं तर सहा सुटे शब्द लागतात आणि 'घर' अगदी शेवटी येतं. तरीही बेळगाव, खानापूर, निपाणीकडे मराठी पालकांच्या तोंडी ऐकू येतं ते असं, की इंग्रजी एकवेळ जमेल, कन्नड काही पोराला झेपत नाही.

पोरं अडतात हे खरं आहे, पण ती सरसकट अडत नाहीत. ठरावीक सहा-सात जागा आहेत आणि त्या मराठी व्याकरणामुळेच तयार झालेल्या आहेत. उर्दू किंवा तमिळ घरातल्या मुलाच्या अडचणी वेगळ्या जागी असतात. त्यामुळे द्वितीय किंवा तृतीय भाषा म्हणून सगळ्यांच्या हातात एकच पुस्तक ठेवलं तर या जागा त्यात दिसणारच नाहीत. माझं म्हणणं असं, की मराठी मुलांसाठी कन्नडचं वेगळं पुस्तक हवं, धड्यांचा वेगळा क्रम हवा, आणि पहिला धडा नकाराचा हवा.

कायद्यांची कमतरता नाही. कर्नाटकाने २०१५ साली सगळ्या शाळांत कन्नड शिकवणं टप्प्याटप्प्याने सक्तीचं केलं. पुढे २०२२ चा कन्नड विकासाचा कायदा आला आणि २०२४ च्या दुरुस्तीने पाटीवरची ६० टक्के जागा कन्नडला द्यायचं ठरलं. पाटीवर किती टक्के हे मोजता येतं, म्हणून त्यावर मोर्चे निघतात आणि पाट्या फुटतात. मराठी मूल कन्नडपर्यंत कोणत्या वाटेने पोचणार हे मोजता येत नाही, म्हणून त्यावर कुणी भांडत नाही. सक्ती योग्य की अयोग्य हा वाद मी इथं बाजूला ठेवतो. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेलं ३५०अ हे कलम मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करायला सांगतं, आणि ती मागणी मराठी माणसाने सोडण्याचं काही कारण नाही. पण २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या सीमावादाच्या दाव्याचा निकाल कसाही लागो, जमिनीचा उतारा आज कन्नडमध्ये निघतो आणि तो दुसऱ्याकडून वाचून घेणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते.

आता नकारच का, ते सांगतो.

कन्नड क्रियापदाचं होकारी रूप शेवटाकडे जड असतं. 'माडु' म्हणजे करणे. नानु माडुत्तेने, नीनु माडुत्तीय, अवनु माडुत्ताने, अवळु माडुत्ताळे, अदु माडुत्तदे, नावु माडुत्तेवे, नीवु माडुत्तीरि, अवरु माडुत्तारे, अवु माडुत्तवे. नऊ कर्ते, नऊ शेवट. भूतकाळाचा तक्ता पुन्हा वेगळा. हा तक्ता फळ्यावर आला की अर्धा वर्ग तिथंच गळतो. नकारात मात्र ही सगळी गर्दी नाहीशी होते. नानु माडुवुदिल्ल, अवनु माडुवुदिल्ल, अवळु माडुवुदिल्ल, अवरु माडुवुदिल्ल. भूतकाळी सगळ्यांना 'माडलिल्ल'. पुरुष, लिंग, वचन यांपैकी एकाचीही खूण क्रियापदावर नाही. 'माडबेकु' (करायला पाहिजे) आणि 'माडबारदु' (करू नये) यांचंही तसंच. 'माडबेड' म्हणजे करू नको. समोरच्याला तुम्ही म्हणायचं असेल तर 'माडबेडि', एवढीच काय ती भर.

म्हणजे माडु, होगु, बरु, तिन्नु, कोडु, नोडु अशी वीसेक क्रियापदं घेतली तर एकही शेवट पाठ न करता मूल शेकडो बिनचूक वाक्यं बोलू शकतं. नावु नाळे बरुवुदिल्ल, आम्ही उद्या येत नाही. नीवु इल्लि बरबेकु, तुम्ही इथं यायला पाहिजे. अवळु निन्ने होगलिल्ल, ती काल गेली नाही. पहिले दोन महिने एवढंच करावं. होकाराचे शेवट त्यानंतर, आणि तेही एकदम नऊ नकोत: आधी मी, तू, तुम्ही, कारण बोलताना हेच तीन लागतात.

शिवाय नकार ही मराठी मुलाची घरचीच इस्टेट आहे. मराठीत नाही, नव्हे, नको आणि नये असे चार वेगळे नकार आहेत, आणि कन्नडमध्ये त्यांच्यासमोर इल्ल, अल्ल, बेड, बारदु असे चार उभे आहेत. हिंदीला 'नको' म्हणायला 'नहीं चाहिए' असं वळसा घालून यावं लागतं. यात घोटाळा एकाच जोडीत होतो. 'पुस्तक पिशवीत नाही' आणि 'हे माझं पुस्तक नाही' या दोन्हींत शाळेतली मराठी 'नाही'च वापरते, त्यामुळे मूल दोन्हीकडे 'इल्ल' म्हणतं. पहिल्या वाक्यात इल्ल बरोबर आहे, कारण तिथं वस्तू हजर नाही. दुसऱ्यात अल्ल हवं, कारण वस्तू हजर आहे पण ती 'ती' नाही. खूण सोपी: मराठी वाक्यात 'नव्हे' चालत असेल तर कन्नडमध्ये अल्ल. आजी 'माझं नव्हं ते' म्हणते, तेव्हा तिने हा भेद आधीच केलेला असतो. पाठ्यपुस्तकाने तो नातवाला दाखवून द्यायचा, बस्स.

हाताशी असलेलं भांडवल एवढ्यावर संपत नाही. 'मला पाणी पाहिजे' म्हणजे 'ननगे नीरु बेकु'. मला कन्नड येतं, 'ननगे कन्नड बरुत्तदे'. माहीत असणं, भूक लागणं, आवडणं, या सगळ्यांत ज्याला होतं त्याला चतुर्थी लावायची ही रीत दोन्हीकडे सारखी. कन्नडमध्ये क्रियापदांच्या जोड्याही ओळखीच्याच. करून घे म्हणजे माडिको, आणि त्यातलं 'कोळ्ळु' म्हणजे घेणे. करून दे, माडि कोडु. करून बघ, माडि नोडु. करून टाक साठी माडि बिडु, फक्त इथं टाकण्याऐवजी सोडतात. दोन माणसं म्हणताना मराठी 'दोघं' म्हणते, कन्नड 'इब्बरु'. वस्तू असतील तर दोन आणि एरडु. कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात 'करायलोय' म्हणतात, म्हणजे मुळात 'करायला लागलोय'. उत्तर कर्नाटकातलं 'माडाकत्तीनि' याच मापाचं आहे. त्यातलं 'हत्तु' म्हणजे लागणे. आग लागते तिथंही कन्नड 'हत्तु'च म्हणते. शिक्षकाने ही जोडी सांगितली की जे रूप आठवडाभर डोक्यात शिरत नाही ते तासाभरात शिरतं.

जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडच्या बोलींवर १९७१ साली एक निबंध प्रसिद्ध केला. तो भाषाशास्त्रात आजही वाचला जातो. गावातली कन्नड, मराठी आणि उर्दू अशी घडत गेली होती, की वाक्याचा क्रम आणि बांधणी तिन्हींत जवळपास एकच, फक्त शब्द आणि प्रत्यय ज्याचे त्याचे. 'कापून घेऊन आलो' या वाक्यातला एकेक तुकडा काढून त्या जागी कन्नड तुकडा बसवावा आणि वाक्य चालावं, असा प्रकार. प्रमाण कन्नड 'इदु नन्न मने' एवढ्यावर थांबते, 'आहे' लागत नाही; तिथली कन्नड मराठीसारखं 'आहे' जोडत होती. हा निबंध आपल्या वादात दोन्ही बाजूंच्या कामाचा नाही, कारण कुणाची भाषा शुद्ध आणि कुणाची आधीची हे तो सांगत नाही. कदाचित म्हणूनच सीमाप्रश्नाच्या भाषणांत त्याचं नाव येत नाही.

आता अडण्याच्या जागा. सगळ्यात मोठी 'ला'. मराठीत 'रामाला पाहिलं' आणि 'रामाला पुस्तक दिलं', दोन्हीकडे ला. कन्नडमध्ये पहिलं 'रामनन्नु नोडिदे' आणि दुसरं 'रामनिगे पुस्तक कोट्टे'. कर्माला अन्नु, ज्याला मिळतं त्याला गे. मराठी मूल दोन्हीकडे 'रामनिगे' म्हणणार, हे त्याने तोंड उघडण्याआधी सांगता येतं. शाळेत 'स ला ते, स ला ना ते' ही द्वितीया आणि चतुर्थी दोन्हींसाठी एकाच चालीवर घोकून घेतलेली असते; भेद नावापुरता. कन्नडच्या तासाला पहिल्यांदा तो भेद खरा होतो आणि नेमकं तेव्हाच तो कुणी समजावत नाही.

'ने'ची गोष्ट उलटी आहे. मराठी 'चाकूने कापलं' आणि 'घरून आलो' यांत दोन प्रत्यय वापरते, कन्नड दोन्हीकडे इंद: चाकुविनिंद, मनेयिंद. कन्नड व्याकरणात पंचमीला 'देसेयिंद' असं लिहितात, पण बोलताना ते कुणी वापरत नाही. इथवर सोपं. पण मराठीत भूतकाळी कर्त्यालाही ने लागतो, 'रामाने पुस्तक वाचलं'. मग मूल 'रामनिंद' म्हणून सुरुवात करतं आणि वाक्य तिथंच मोडतं. कन्नडमध्ये भूतकाळी कर्ता जसाच्या तसा राहतो, 'रामनु'.

यालाच जोडून तिसरी जागा. 'त्याने भाकरी खाल्ली' यातली खाल्लीची ई भाकरीची आहे, खाणाऱ्याची नाही. आंबा असता तर खाल्ला. कन्नड क्रियापद कर्माकडे बघतच नाही: अवनु रोट्टि तिंदनु, अवळु रोट्टि तिंदळु. सवयीने कर्माशी जुळवायला गेलेल्या मुलाकडून 'अवनु रोट्टि तिंदितु' निघतं. ते ऐकणाऱ्याला एखाद्या जनावराने खाल्ल्यासारखं वाटतं, वर्गात हशा होतो आणि मूल पुन्हा बोलत नाही. चूक अज्ञानाची नाही. त्याने मराठीचा नियम अगदी काटेकोर पाळला, एवढंच झालं. शिक्षकाला हे ठाऊक असेल तर 'क्रियापदाचा शेवट कुणाकडे बघतो?' या एका प्रश्नावर काम होतं.

नामांच्या बदलाला मात्र मराठी मुलांनी घाबरायचं कारण नाही, आणि इथं पुस्तकं उगाच पानं भरतात. मर म्हणजे झाड. त्याचं मरदल्लि, मरक्के होतं. मनेचं मनेयल्लि, मनेगे. ऊरु म्हणजे गाव, त्याचं ऊरिनल्लि, ऊरिगे. हुडुग म्हणजे मुलगा, त्याचं हुडुगनल्लि, हुडुगनिगे. प्रत्यय जवळपास तेच, मधला सांधा बदलतो: कुठे द, कुठे य, कुठे इन, कुठे न. 'मर'ला द का लागतो असं मुलाने विचारलं तर त्याला उलट विचारावं, पाणीचं पाण्यात का होतं, लाडूचं लाडवात का, भिंतीचं भिंतीत पण वाटेचं वाटेत का? सामान्यरूपाचे डझनभर प्रकार मूल शाळेत येण्याआधी तोंडात घेऊन आलेलं असतं. कन्नडमध्ये हे चारच मोठे गट आहेत, आणि अनेकवचन तर स्वच्छ सुटं: मरगळु, मरगळल्लि. मराठीत 'घरांत'च्या अनुस्वारात अनेकवचन आणि सामान्यरूप एकमेकांत विरघळलेलं असतं, ते सोडवून दाखवणं अवघड.

पण ही सगळी प्रमाण कन्नड झाली. बेळगावच्या बाजारात मनेयल्लि कुणी म्हणत नाही, 'मन्याग' म्हणतात. ऊरिनल्लि नाही, 'ऊराग'. बरुवुदिल्ल नाही, 'बरंगिल्ल'. मूल जे ऐकतं ते पुस्तकात नाही आणि पुस्तकातलं रस्त्यावर नाही, म्हणून दोन्ही परकं राहतं. खरं तर मन्याग मराठी कानाला जवळचं आहे. पुणेचं पुण्यात, ठाणेचं ठाण्यात, तसं मनेचं मन्याग. शेवटचा ए पुढच्या आ ला भेटला की या होतो. पहिल्या वर्षी बोलीची रूपं तोंडी घ्यावीत आणि दुसऱ्या वर्षी प्रत्येक रूपासमोर लेखी रूप लावावं. परीक्षा प्रमाण भाषेत होते हा आक्षेप खरा आहे, पण म्हणून प्रमाण भाषेपासूनच सुरुवात करावी असं त्यातून निघत नाही. सीमाभागातल्या शाळा मराठीच्या बाबतीतही हीच चूक करतात. 'करायलोय' म्हणणाऱ्याला आधी गप्प करायचं आणि मग 'करत आहे' शिकवायचं.

लिपीबद्दल थोडक्यात, कारण तिचा बाऊ फार होतो. वर्णक्रम तोच आहे. जोडाक्षरात दुसरं व्यंजन खाली लटकतं आणि आपल्या रफाराचं काम करणारी खूण अक्षराच्या पुढे येते, एवढं महिन्याभरात अंगवळणी पडतं. खरी अडचण देवनागरीत कन्नड लिहून घेण्याच्या सवयीची आहे. कन्नडमध्ये ए आणि ओ यांचे ऱ्हस्व-दीर्घ असे दोन-दोन स्वर आहेत आणि मराठी अक्षरांत तो भेद दिसत नाही. वहीत 'बेळे' लिहिलेलं असेल तर ऱ्हस्व ए ने त्याचा अर्थ पीक होतो आणि दीर्घ ए ने डाळ. 'कोडु' ऱ्हस्व असेल तर दे, दीर्घ असेल तर शिंग. म्हणून देवनागरीची कुबडी पहिल्या सत्रानंतर काढून घ्यावी. या लेखातले कन्नड शब्दही तेवढ्याच मर्यादेत वाचावेत.

सरकारी कन्नड वेगळ्या कारणाने दमवते आणि तिची किल्ली एका प्रत्ययात आहे. संस्कृत नामाला 'इसु' लावून कन्नड क्रियापद करते: उपयोगिसु, प्रारंभिसु, चर्चिसु, परिशीलिसु, स्वीकरिसु. मराठी तिथं 'करणे' जोडते. नोटिशीतलं 'निषेधिसलागिदे' पाहून घाबरणाऱ्याला निषेध, इसु आणि 'लागिदे' असे तीन कप्पे दाखवले की 'मनाई करण्यात आली आहे' हे त्यालाच दिसतं. नामं ओळखीची असल्यामुळे सातवी-आठवीच्या मुलाला आठवड्याभरात असं शंभरेक क्रियापदांचं भांडवल मिळू शकतं. फसवे शब्दही आहेत, त्यांची वेगळी यादी द्यावी: कन्नड 'व्यवसाय' म्हणजे शेती, 'अनुमान' म्हणजे संशय.

हाच आरसा पलीकडे धरायला हवा. महाराष्ट्राने २०२० मध्ये मराठी सक्तीचा कायदा केला आणि तो जत, अक्कलकोटच्या कन्नड माध्यमाच्या मुलांनाही लागू होतो. त्यांचं दुखणं लिंगाचं. कन्नडमध्ये माणूस सोडून बाकी सगळं 'अदु', म्हणजे 'ते'. मराठीत तो रस्ता, ती वाट, ते वळण, आणि कारण विचारायचं नाही. बोलणारी बाई असो की पुरुष, कन्नड 'नानु बरुत्तेने'च म्हणते. मराठीत येतो आणि येते. या पट्ट्यातल्या खेड्यांत बायकाही 'मी येतो' म्हणतात, त्यावर पुण्यात विनोद होतात. 'आम्ही' आणि 'आपण' हा भेदही कन्नडच्या एका 'नावु'त बुजलेला असतो. या मुलांना मुंबई-पुण्याच्या मुलांसाठी लिहिलेलं व्याकरण देणं हा बेळगावातल्यासारखाच अन्याय आहे, आणि बेळगावसाठी बोलणाऱ्या आपल्या पुढाऱ्यांनी तो आधी बोलून दाखवला तर कर्नाटकाकडे मागताना त्यांचा आवाज थोडा जड होईल.

'मुलं रस्त्यावर शिकतातच, त्यात व्याकरण कशाला' असं म्हणणारे भेटतात. बोलायला शिकतात, मान्य. भाजी घ्यायला तेवढं पुरतं. अर्ज लिहायला, उतारा वाचायला, कन्नड परीक्षेच्या अटीची नोकरी धरायला पुरत नाही. दुसरीकडे 'कन्नड शिकलो की मराठी गेली' ही भीती. तुलना करून शिकवलं तर मूल मराठीतला 'नव्हे', अन्नुच्या निमित्ताने मराठीतली द्वितीया, आपण-आम्ही, सगळं पहिल्यांदा डोळे उघडून पाहतं. मराठीचा तास तिथं वाढतोच.

वेगळं पुस्तक व्हायला वर्षं लागतील; प्रश्नपत्रिका पुढच्या परीक्षेपासून बदलता येते. 'विभक्ती ओळखा' आणि 'समानार्थी शब्द लिहा' काढून टाका. पाच मराठी वाक्यं द्या, प्रत्येकात एक किंवा दोन 'ला' असलेली, आणि मुलाने कोणत्या 'ला'खाली गे लिहायचं आणि कोणत्याखाली अन्नु, एवढंच विचारा. पुढची पाच 'नाही'ची: इल्ल की अल्ल. त्यानंतरची पाच भूतकाळाची, ज्यात कर्ता स्त्री आहे आणि कर्म पुल्लिंगी. पंधरा वाक्यं, पंधरा गुण, आणि कोणता मुलगा नेमका कुठं अडलाय हे शिक्षकाला उत्तरपत्रिकेवरूनच कळेल.